लिव्हरच्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली तर: औषधं कुठली, कोणत्या क्रमानं आणि कशासाठी

"डॉक्टर, तात्यांना काल रात्रीपासनं काळं परसाकडं हुतंय. उलटी काय न्हाई. सकाळी ओपीडीला आणू का?"

असा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं असतं: आत्ता आणा. ज्याचं लिव्हर खराब आहे हे घरात माहीत आहे, त्याची काळी शी सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नव्हे.

आणल्यावर नातेवाइकांच्या दोन मागण्या असतात. एक, "लगेच रक्त चढवा." दुसरी, "रक्त थांबायचं इंजेक्शन द्या की." त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही. रक्त चाललंय तर भरा, थांबत नाही तर थांबवा, हा सरळ व्यवहार आहे. पण लिव्हरच्या आजारात हा व्यवहार उलटा पडू शकतो, कारण दुखणं रक्त गोठण्याचं कमी आणि दाबाचं जास्त असतं. खरी औषधं दाब उतरवणारी आहेत. ती कुठली, कधी सुरू होतात आणि घरी गेल्यावर त्यातली कुठली चालू राहतात, ते क्रमानं सांगतो. डोसचे आकडे स्वतः घेण्यासाठी नाहीत, केसपेपर वाचता यावा आणि नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून दिलेत.

आधी फुगवटा समजून घ्या

जुलै लागला की कोल्हापुरात जो तो एकच विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पाणी का चढतं हेही आपल्याला पाठ आहे. वरून धरणांचा विसर्ग वाढतो आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णाच भरून चाललेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. मग फुगवटा मागं येतो आणि ओढ्यानाल्यांतून उलटा शेतात, गल्लीत शिरतो.

पोटात हेच होतं. आतडी, जठर आणि प्लीहा यांच्याकडचं रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, किंवा मधुमेह आणि वजनाबरोबर येणारं फॅटी लिव्हर, कारण कुठलंही असो, लिव्हर निबर झालं (सिरॉसिस म्हणतात ते हेच) की रक्त पुढं जायला अडतं. दाब मागं चढतो. रक्त आडवाटा शोधतं आणि अन्ननलिकेच्या तळाशी, जठराच्या वरच्या भागात असलेल्या बारीक शिरा फुगतात. यांना व्हेरिसेस म्हणतात. पोर्टल शीर आणि लिव्हरपुढची शीर यांच्यातला दाबाचा फरक एरवी पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असतो. १० झाला की शिरा फुगायची वेळ आली, १२ च्या वर गेला की फुटायची. ३९ आणि ४३ सारखंच समजा.

भरलेल्या नदीत आणखी पाणी ओतून पूर ओसरत नाही. वरचा विसर्ग कमी करायचा, जिथं बांध फुटलाय तिथं पोती टाकायची, आणि तरीही भागलं नाही तर पाण्याला दुसरी वाट काढून द्यायची. औषधं पहिलं काम करतात, दुर्बीण (एंडोस्कोपी) दुसरं करते.

घरातून निघेपर्यंत

रक्ताची उलटी ओळखायला कुणी लागत नाही. मात्र कधी ती लालभडक नसते, कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट असते. शीचा घोळ जास्त होतो. लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी शी काळी होते, पण ती हिरवट काळी आणि बांधीव असते. रक्ताची शी डांबरासारखी चिकट, भांड्याला लागून बसणारी, आणि वास असा उग्र की एकदा आला की विसरत नाही. शंका असेल तर मोबाईलवर फोटो काढा. संकोच वाटतो, पण त्या फोटोवरून निर्णय सोपा होतो.

काही रुग्णांत उलटीही नसते आणि शीकडं कुणी बघितलेलं नसतं. माणूस फक्त घामाघूम होतो, उठताना चक्कर येऊन पडतो, किंवा असंबद्ध बोलायला लागतो. लिव्हरच्या रुग्णात एवढं पुरे आहे.

तोंडानं काही देऊ नका. पाणी, लिंबूसरबत, कोकम, काही नाही. डाव्या कुशीवर झोपवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी आणि रक्त पातळ ठेवणारी त्या वेळची गोळी देऊ नका, पण सगळी पाकिटं पिशवीत टाका. जुनी दुर्बीण केलेली असेल तर तो रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा. किती रक्त गेलं ते भांड्याच्या मापात सांगा, वाटीभर की तांब्याभर. "लई गेलं" यावरून आम्हाला काही कळत नाही.

१०८ ला फोन करा आणि "लिव्हरचा पेशंट आहे, रक्ताची उलटी झालीय" हे दोन्ही शब्द उच्चारा. गाव लांब असेल, म्हणजे चंदगड, आजरा, गगनबावडा, तर पहिला थांबा जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात घेण्यात कमीपणा नाही. तिथं सुई लावून, सलाईन सुरू करून, पुढची इंजेक्शनं चालू करून मग कोल्हापूर गाठलं तर वाटेतला धोका कमी होतो. शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो (जुनी माणसं अजून थोरला दवाखाना म्हणतात) किंवा खासगी, निघतानाच फोनवर एक विचारा: आत्ता, या वेळी दुर्बिणीचे डॉक्टर येतील का?

पहिला तास: रक्त किती, हा प्रश्न

दोन्ही हातांना जाड सुया, रक्तगटाची तपासणी, ईसीजी. माणूस गुंगीत असेल आणि उलट्या चालू असतील तर श्वासनलिकेत नळी घालून वाट सुरक्षित करावी लागते. ते पाहून घरचे घाबरतात, "व्हेंटिलेटरवर घातला" म्हणून रडारड होते. इथं ती नळी बहुतेक वेळा उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून असते.

आता रक्त. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं की रक्त चढवायचं आणि ७ ते ८ च्या दरम्यान ठेवायचं. हृदयविकार असेल किंवा रक्त धो धो चाललं असेल तर हिशेब वेगळा. हे अंदाजपंचे नाही. २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी पोटात रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ७ च्या खाली गेल्यावर रक्त, दुसऱ्याला ९ च्या खाली गेल्यावर. सहा आठवड्यांनी हात राखून रक्त दिलेल्या गटात ९५ टक्के माणसं जिवंत होती, सढळ हातानं दिलेल्यांत ९१. लिव्हरच्या रुग्णांत सढळ रक्तानं पोर्टल दाब वाढल्याचं त्यांनी मोजून दाखवलं. तेव्हा "हिमोग्लोबिन आठ आहे आणि डॉक्टर रक्त देईनात" अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर मी आधी त्या डॉक्टरांची बाजू घेतो. अर्थात पिशव्या तयार हव्यातच. रक्तपेढीची धावपळ घरच्यांनी तेवढ्यात करून ठेवावी.

विसर्ग कमी करणारी इंजेक्शनं

सगळ्या उपचाराचा कणा हा आहे. आतड्याकडं रक्त नेणाऱ्या धमन्या आकसल्या की पोर्टल शिरेत येणारं रक्त घटतं, फुगवटा उतरतो, फुटलेल्या शिरेवरचा जोर कमी होतो. त्यासाठी तीन औषधं आहेत, आणि त्यातलं एकच द्यायचं असतं.

टर्लिप्रेसिन: पहिले २४ ते ४८ तास दर ४ तासांनी २ मिलिग्रॅम शिरेतून, रक्त थांबल्यावर १ मिलिग्रॅम. वजन कमी असेल तर सुरुवातही कमीनं.

ऑक्ट्रिओटाइड: आधी ५० मायक्रोग्रॅम एकदम, मग तासाला ५० मायक्रोग्रॅम पंपानं सतत.

सोमॅटोस्टॅटिन: आधी २५० मायक्रोग्रॅम, मग तासाला २५०. आपल्याकडं हे त्या मानानं कमी दिसतं.

कुठलंही असो, एकूण २ ते ५ दिवस. यातलं भारी कुठलं, असं विचारतात. कोरियात तिघांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा रक्त थांबवण्यात फारसा फरक निघाला नाही. तेव्हा "महागडं मागवा, पैशाकडं बघू नका" असं म्हणायची गरज नाही. हाताशी जे आहे ते लवकर सुरू होणं जास्त मोलाचं.

लवकर म्हणजे किती? दुर्बिणीच्या आधी. शंका आली की सुरू करायचं, निदान पक्कं व्हायची वाट बघायची नाही. लिव्हरच्या रुग्णाला अल्सरमधूनही रक्त जाऊ शकतं, पण दुर्बीण होईपर्यंत शिरा फुटल्यात असंच धरून चालायचं. दुर्बिणीत अल्सर निघाला तर इंजेक्शन बंद करता येतं, पण वाट बघण्यात गेलेले चार तास परत मिळत नाहीत. रात्रभर नुसत्या सलाईनवर आणि आम्लपित्ताच्या इंजेक्शनवर ठेवलेले रुग्ण मी पाहिलेत, म्हणून हे जोर देऊन सांगतोय.

टर्लिप्रेसिनवर लक्ष ठेवावं लागतं, कारण ते फक्त आतड्याच्याच धमन्या आकसत नाही. चेहरा पांढराफटक पडतो, पोटात कळ येते, जुलाब होतात. एवढं चालतं, आणि पांढरा चेहरा म्हणजे पुन्हा रक्त गेलं असंही नाही. पण छातीत दुखलं, बोटं निळी-काळी पडली, दम लागला तर सिस्टरना त्याच क्षणी सांगा. आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, पायाच्या रक्तवाहिन्या बंद असतील किंवा ऑक्सिजनच कमी असेल तर बहुधा ऑक्ट्रिओटाइड निवडलं जातं. रक्तातलं सोडियमही घसरू शकतं, म्हणून रोज तपासतात. पंपाचा अलार्म वाजला तर तो बंद करू नका, बोलवा. रात्री झोपमोड होते म्हणून कुणी बटण दाबलं तर औषधाचा थेंबही आत जात नाही.

सोबतचं अँटिबायोटिक

लोकांना हे पटत नाही. ताप नाही, मग अँटिबायोटिक कशाला? कारण रक्तस्रावात आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, जंतुसंसर्गानं पुन्हा रक्तस्राव होतो आणि त्यात माणसं दगावतात. सेफ्ट्रिॲक्झोन १ ग्रॅम दिवसातून एकदा, जास्तीत जास्त ७ दिवस. साधं, स्वस्त, आणि जीव वाचवणारं म्हणून सिद्ध झालेलं. केसपेपरवर ते दिसलं नाही तर नम्रपणे विचारा.

दुर्बिणीच्या अर्धा ते दोन तास आधी एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम शिरेतून देतात. ते इथं जंतूंसाठी नसतं. त्यानं जठर आकुंचन पावतं, साचलेलं रक्त पुढं जातं आणि दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. ईसीजी आधी बघून मगच.

"रक्त थांबायचं इंजेक्शन" का नाही

लोक मागतात ते बहुतेक वेळा ट्रानेक्झॅमिक ॲसिड असतं. बाळंतपणानंतरच्या आणि अपघातातल्या रक्तस्रावात ते खरंच उपयोगी आहे, म्हणून नाव झालं. पोटातल्या रक्तस्रावात ते २०२० मध्ये १५ देशांतल्या सुमारे १२,००० रुग्णांवर पारखलं गेलं. त्यातल्या बऱ्याच जणांना लिव्हरचा आजार होता. मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांत गुठळ्या आणि फिटचे झटके वाढले.

तसंच प्लाझ्माचं, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाचं. लिव्हरच्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) वाढलेला असतो, कागदावर लाल अक्षरात येतो, आणि "रक्त पातळ झालंय, प्लाझ्मा द्या" अशी घाई होते. पण सिरॉसिसमध्ये रक्त गोठवणारे घटक कमी होतात तसे गोठू न देणारेही कमी होतात, आणि तराजू जवळपास सावरलेला राहतो. आयएनआरचा आकडा एकच पारडं दाखवतो. चार पिशव्या प्लाझ्मा म्हणजे आधीच भरलेल्या नदीत जवळजवळ लिटरभर पाणी. व्हिटॅमिन के कावीळ लांबलेल्या, उपाशी राहिलेल्या माणसाला कमी पडू शकतं, तेव्हा एखादा डोस ठीक, पण त्यानं फुटलेली शीर बंद होत नाही.

पँटोप्राझोल, म्हणजे आम्लपित्ताचं औषध, सगळ्यांनाच मिळतं. दुर्बिणीपर्यंत हरकत नाही. शिराच फुटल्याचं दिसलं आणि दुसरं कारण नसेल तर पुढं ते महिनोन् महिने चालू ठेवू नये. डिस्चार्ज कार्डावर मात्र ते चिकटून बसतं आणि वर्षभर कुणी काढत नाही.

दुर्बीण, आणि ती पुरली नाही तर

रुग्ण सावरला की दाखल झाल्यापासून १२ तासांच्या आत. अन्ननलिकेतल्या शिरांना रबराचे छोटे बँड लावतात, जठरातल्या शिरांत बहुधा ग्लू सोडतात. बँडिंग झालं म्हणून वरची इंजेक्शनं लगेच बंद होत नाहीत. "आता बांध घातला, मग पंप कशाला" हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण पहिल्या पाच दिवसांत पुन्हा फुटायचा धोका सगळ्यात मोठा असतो.

तरीही थांबलं नाही तर नाकातोंडातून फुग्याची नळी टाकून शिरा दाबून धरतात. ती २४ तासांपर्यंतची तजवीज, तेवढ्यात टिप्स नावाची प्रक्रिया करायची. यात मानेच्या शिरेतून जाऊन लिव्हरच्या आतूनच रक्ताला नवी वाट काढून देतात. ज्यांचं लिव्हर बरंच खालावलंय अशा काही निवडक रुग्णांत ती रक्त थांबल्यानंतरही ७२ तासांच्या आत केली तर फायदा होतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: गरज लागली तर ती कुठं होईल आणि रुग्ण हलवण्याजोगा आहे का? पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं-नसलं तरी आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्याच दिवशी पाहावं.

गुंगी

आतड्यात साचलेलं रक्त म्हणजे प्रथिनांचा ढीग. त्यातून अमोनिया तयार होतो, खराब लिव्हर तो निस्तरू शकत नाही, आणि माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. उपाय लॅक्टुलोज: तोंडानं, नळीतून किंवा एनिमानं, दिवसाला दोन-तीन मऊ शी होतील एवढं. जुलाब लागतील एवढं नको, त्यानं पाणी आणि क्षार कमी होऊन गुंगी वाढते. तळमळतोय म्हणून झोपेचं इंजेक्शन मागू नका.

घरी आल्यावरची गोळी

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. पंप निघाल्यावर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल सुरू होतं. प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी हृदयासाठी शोधलं. लिव्हरच्या रुग्णांत ते पुन्हा रक्तस्राव टाळतं हे १९८१ मध्ये पॅरिसच्या दिदिए लेब्रेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तेव्हापासून आजवर ही स्वस्त गोळी बँडिंगच्या जोडीला उभी आहे. बँड फक्त फुटलेल्या जागेला पुरतो, गोळी अख्ख्या नदीची पातळी खाली आणते.

प्रोप्रॅनोलॉल साधारण २० ते ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून हळूहळू वाढवतात. नाडी ५५ ते ६० वर आणायची. कार्व्हेडिलॉल ६.२५ मिलिग्रॅमपासून, सोसलं तर १२.५ पर्यंत. गंमत अशी की नाडी आणि बीपी कमी झालं म्हणून गावातले डॉक्टर "बीपी लो झालंय, ही गोळी बंद करा" म्हणतात आणि सहा महिन्यांनी रुग्ण पुन्हा तांब्याभर उलटी घेऊन येतो. नाडी कमी होणं हा या गोळीचा दोष नाही, ती काम करतेय याची खूण आहे.

थांबवायची वेळ वेगळी. वरचं बीपी ९० च्या खाली, नाडी ५० च्या खाली, लघवी एकदम कमी, किंवा पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग. तेव्हा डोस कमी करायचा किंवा तात्पुरता थांबवायचा, आणि ते विचारून. दमेकऱ्याला ही गोळी चालत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला साखर उतरल्याची धडधड यात जाणवत नाही, म्हणून साखर मोजूनच बघावी. रोज सकाळी उठून बसल्यावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. माझ्याकडं एक आजी दूधवाल्याच्या खाड्यांशेजारीच आजोबांची नाडी लिहून आणतात. त्यावरून डोस ठरवणं मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा सोपं जातं.

बँडिंग दर २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं, शिरा बुजेपर्यंत. त्यानंतर काही महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी ते वर्षानं नजर.

मूळ आजाराचं औषध विसरू नका. हिपॅटायटिस बीला टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, सीला काही आठवड्यांच्या गोळ्यांचा कोर्स. राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. दारूला मात्र गोळीची पळवाट नाही, ती बंदच.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणणं सोडा. गुडघा दुखतो म्हणून घेतलेल्या दोन गोळ्यांनी झालेला रक्तस्राव मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. पॅरासिटामॉल चालतं, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या. कावीळ उतरवणाऱ्यांच्या पुड्या नकोत. तिखटाबद्दल सगळे विचारतात: तांबड्या रश्श्यानं शीर फुटत नाही. पोटात पाणी असेल तर रश्श्यातलं मीठ मात्र नडतं, आणि लोणचं-पापड त्याहून जास्त. "लो सोडियम" मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, आणि लघवीच्या काही गोळ्यांबरोबर ते चढतं.

पुढच्या दुर्बिणीची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये पडत असेल तर ती जूनमध्ये ओढून घेता येते का ते विचारा. मांडुकलीला पाणी आलं की गगनबावड्याची वाट बंद, शिरोलीला आलं की हायवेही. औषधांचा महिन्याचा साठा त्याआधी घरात असू द्या. ज्यांच्या शिरा अजून बुजलेल्या नाहीत आणि गाव नदीपलीकडं आहे, त्यांनी बंधाऱ्याची पातळी ३९ कडं सरकायला लागली की शहरातल्या पाहुण्यांकडं येऊन राहावं.